पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पायरी पहिली : पासपोर्ट काढा.
एवढं लिहून मी चहा प्यायले
आणि निळ्याच्या चार छटा लावून बघण्यात
दुपार घालवली.

काम असं :
आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर निघालेल्या माणसाला
फोनवरच्या वीतभर जागेतून
घरापासून परत घरापर्यंत आणायचं.
अक्षर मोठं, शब्द थोडे, एका वेळी एकच बटण.
पैसे बरे देताहेत.
मी स्वतः एकदा नेपाळला गेलेय. बसने.

ज्याच्यावर हे तपासून बघायचं
तो माणूस खालच्याच मजल्यावर निघाला.
मुरलीधर पगारे, जेल रोड,
प्रेसमधून रिटायर.
(कुठली प्रेस, असं नाशिकरोडला कुणी विचारत नाही.)
मुलगी पोलंडला, नातू तीन महिन्यांचा,
गावाचं नाव घेताना दरवेळी जीभ अडखळते
म्हणून नुसतं 'प्रणोतीकडे'.

एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पासपोर्ट मोजले,
स्वतःचा आला एकसष्टाव्या वर्षी.
तोही पोस्टाने,
दोन किलोमीटरवर जन्मून
कुठं कुठं शिक्के खात फिरून
परत जेल रोडला.
फोटो बघितला नाही त्यांनी.
अंगठा कडेवरून फिरवला,
ओठ जरा हलले.
'छत्तीस. बरोबर आहेत.'
मग वास घेतला.

माझ्या पायऱ्या त्यांनी चष्मा वर सरकवून वाचल्या
आणि विचारलं ते असं :
बॅग पट्ट्यावर गेली की मधल्या वेळात ती कुणाची?
कशाला आलात म्हणाला तर
नातवाला बघायला, एवढं पुरे का
की आणखी काही कारण लागतं?
दोह्याला पाच तास बसायचं, ते कुठल्या देशात बसायचं?
हिची बीपीची गोळी नावाने मागायची की रंगाने?
रांगेत मीच पहिला असलो
तर मी कुणाचं बघून करू?
आणि चिवडा. दोन किलो आहे.
चिवडा कुठल्या रकान्यात येतो?

माझ्याकडे एकाही प्रश्नाचं बटण नव्हतं.

फक्त सुरक्षा तपासणीच्या पानावर ते हसले.
मी तिथं सात सूचना घातल्या होत्या,
घाबरू नका हे दोनदा.
ते उभे राहिले, माझ्या खोलीत, पंख्याखाली,
हात बाजूला पसरून, तळवे उघडे,
खिसे बाहेर काढलेले जिभांसारखे.
'रोज. सुटीची शिट्टी झाली की गेटवर.
एक चिटोरं बाहेर गेलं नाही माझ्या हातून.
तपासणारा चांगला असतो गं,
त्यालाही घरी जायचं असतं.'

सातही सूचना मी खोडल्या.
शेवटचं वाक्य ठेवलं.
साहेबांना ते आवडलं नाही,
'टोन' बसत नाही म्हणाले. भांडून ठेवलं.

रात्री अडीचला द्वारकेवरून गाडी ठरली होती.
बाई मागे, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
हे पुढे, शर्टाच्या वरच्या खिशात ती पुस्तिका,
खिशाला आतून सेफ्टी पिन.
गाडी प्रेसच्या भिंतीजवळून गेली तेव्हा
त्यांनी खिशावर हात ठेवला,
कुणी अडवील की काय तसा.
भिंत संपेपर्यंत.
मग काच वर केली.

सकाळी सातला मेसेज :
'तुझा बाण डावीकडे दाखवतो.
इथे सगळे उजवीकडे चाललेत.
मी एका सरदारजींच्या मागे गेलो.
बरोबर निघालं.'

मी बाण काढून टाकला.
त्या जागी काय घालावं
हे दोन दिवस सुचलं नाही,
मग लिहिलं : समोरच्याला विचारा. तोही बहुतेक पहिल्यांदाच चाललाय.

नातवाचा फोटो आला, टोपडं घातलेला,
मागे खिडकीत बर्फ.
चिवड्याचं काय झालं ते कळवलं नाही.
तो रकाना मी अजून
रिकामाच ठेवलाय.